आभार मानून जेवणें

शास्त्रपाठ : १ करिंथ १०:२३-३३, नीतिसूत्रें २५:१६



करिंथ येथील मंडळींत अन्नावरून मोठा तंटा माजला होता. मूर्तीपुढें ठेविलेलें मांस बाजारांत विकावयास येई. तें ख्रिस्ती मनुष्यानें खावें कीं न खावें, ह्याविषयीं एकमेकांच्या मनांत किल्मिष उत्पन्न झालें होतें. पौल प्रेषितानें त्यांस जें उत्तर लिहून पाठविलें, त्याचा शेवट त्यानें अशा एका नियमावर केला कीं जो मांसाच्या प्रश्नापुरताच नव्हे, तर सर्व काळच्या सर्व ताटांस लागू पडावा : आपण खात असूं, पीत असूं, किंवा दुसरें कांहींहि करीत असूं, त्यांत देवाचें गौरव व्हावें. उपदेशांत, दानांत, छळ सोसण्यांत देवाचें गौरव होतें हें आपणांस सहज समजतें. परंतु भाकरीच्या तुकड्यांत, चहाच्या कपांत, पंगतीच्या पत्रावळींत तें कसें व्हावें, ह्याचा विचार आपण क्वचितच करितों. आज तोच विचार आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

हा विषय कोणास हलका वाटेल. पण तो हलका नाहीं. आमच्या आजापणज्यांच्या काळीं पटकी, हिवताप आणि उपासमार ह्यांनीं घरें ओस पडत. आतां गांवोगांवच्या मंडळ्यांत पाळकास ज्यांच्या उशाशीं बसून प्रार्थना करावी लागते, त्यांतले किती तरी मधुमेहानें व रक्तदाबानें खचलेले असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह जडलेला असून आणखी सुमारें १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हे सर्व शहरांतले धनिक आहेत असें समजूं नये. त्यांत खेड्यांत राहणारे पुष्कळ आहेत. दुसरीकडे, सन २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकीं ५७ स्त्रियांच्या अंगांत पुरेसें रक्त नाहीं. एकाच घरांत, एकाच चुलीवर शिजलेल्या अन्नानें धन्यास साखरेचा रोग व्हावा आणि धनिणीस रक्ताची उणीव पडावी, ही आजची अवस्था आहे. मग ताटाचा विचार देवाच्या मंदिरांत करावयाचा नाहीं, तर कोठें करावयाचा?

पहिली गोष्ट : चव ही देवाची देणगी आहे.

चव ही सैतानाची करामत नव्हे, हें प्रथम मनांत ठसवूं या. एदेन बागेंत देवानें जीं झाडें लाविलीं तीं पोट भरण्यापुरतींच नव्हतीं. तीं डोळ्यांसहि मनोहर होतीं, असें उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावरून कळतें. अरण्यांत इस्राएल लोकांस जो मान्ना मिळाला, त्यास मध घातलेल्या पोळीसारखी रुचि होती. देवास बेचव मान्ना पाडतां आला नसता काय? पोट त्यानेंहि भरलें असतें. परंतु आपल्या लेकरांनीं अन्न गिळावें एवढेंच त्या बापाच्या मनांत नव्हतें. त्यांनीं तें आनंदानें खावें, ही त्याची इच्छा होती.

एलीया संदेष्टा झाडाखालीं मरण मागत निजला, तेव्हां देवदूतानें त्यास उपदेश करावयास आरंभ केला नाहीं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें त्याच्या उशाशीं ठेवून त्यास उठून खावयास सांगितलें. याईराची मुलगी मरणांतून उठली, तेव्हां तिला कांहीं खावयास द्या, अशी आठवण आईबापांस प्रभूनेंच करून दिली. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या कांठीं, रात्रभर जाळें ओढून थकलेल्या शिष्यांकरितां, त्या महिमावंत प्रभूनें कोळशांवर मासळी व भाकर तयार ठेविली. ज्याच्या निंदकांनीं त्यास खादाड म्हणावयासहि कमी केलें नाहीं, त्या प्रभूचे आपण शिष्य आहों. अन्नाकडे पाहून तोंड वाकडें करणें ही त्याची शिकवण नव्हे.

म्हणून कोणी भाविकपणाच्या भरांत असें म्हणेल कीं हें शिवूं नका, तें चाखूं नका, बेचव खाल तेवढे पवित्र व्हाल, तर कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय त्यास दाखवावा. पौषांत शेताच्या बांधावर आगटींत भाजलेला कोवळा हुरडा, तव्यावरून उतरलेली फुगीर भाकर आणि तिच्यावर खरडलेला ठेचा, तांदुळजाची परतलेली भाजी, आषाढांतल्या पावसांत भाजलेल्या बोंबलाचा वास, ह्या सर्वांबद्दल देवाची स्तुति करणें हें आपलें कर्तव्य आहे. नाताळांत करंजी करणें हेंहि पाप नव्हे. यरुशलेमांतील लोक नियमशास्त्र ऐकून रडूं लागले तेव्हां नहेम्यानें त्यांस रसाळ व गोड पदार्थ खाऊन आनंद करावयास सांगितलें. पण ज्यांच्या घरीं कांहीं तयार नाहीं त्यांसहि वांटे पाठवा, असें त्यानें बजाविलें. हा दुसरा भाग आपण पुढें घेऊं.

दुसरी गोष्ट : देणगीस धनी होऊं देऊं नये.

ज्या पवित्र शास्त्रानें मधाची वाखाणणी केली, त्याच शास्त्रानें मधाचें मापहि सांगितलें. शलमोन म्हणतो कीं मध सांपडला तर पुरेल तेवढाच खावा. अधिक खाल्ला तर तोच ओकावा लागेल. मध वाईट झाला काय? नाहीं. तो पूर्वीं होता तसाच गोड आहे. खाणाराच माप विसरला.

एसाव शिकारीहून भुकेला आला आणि डाळीच्या एका वाडग्याकरितां त्यानें आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकला. डाळ हें काय वाईट अन्न आहे? पण त्या क्षणीं त्याच्या पोटास उद्यांचा दिवस दिसेनासा झाला. मिसरांतून सुटलेल्या लोकांचेंहि तेंच झालें. तेथील काकड्या, खरबुजें, कांदे व लसूण ह्यांची आठवण काढून ते रडले. भाजीची आठवण येण्यांत दोष नव्हता; पण त्या आठवणीपुढें त्यांस गुलामगिरीहि बरी वाटूं लागली, आणि रोजचा मान्ना तुच्छ वाटला. पुढें लावे पक्षी पडले तेव्हां त्यांनीं रात्रंदिवस ढीग जमविले आणि पुष्कळांचा तेथेंच अंत झाला. त्या जागेचें नांवच वासनेच्या कबरी असें पडलें. प्रिय वाचकहो, आजहि अशा कबरी खणल्या जात आहेत, आणि त्या खणावयास कुदळ लागत नाहीं, चमचा पुरतो.

आमच्या लोकांचा गोडाकडे व तेलकटाकडे एवढा ओढा कां, ह्याचें कारण तुच्छतेनें नव्हे तर सहानुभूतीनें पाहिलें पाहिजे. ज्यांनीं सन १९७२ चा दुष्काळ पाहिला ते वडील लोक अद्याप आपणांमध्यें आहेत. परदेशांतून आलेली मिलो नांवाची लाल ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी ह्यांवर त्यांनीं दिवस काढले. त्यांच्याहि आधींच्या पिढीनें सन १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आणि शतकाच्या शेवटचे दुष्काळ सोसले. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून अनाथ मुली व विधवा आणून त्यांस आसरा दिला, हें आपणांस ठाऊकच आहे. ज्या घरानें अशी भूक पाहिली, त्या घराची आजी नातवाच्या ताटांत दुसरा लाडू घालते तेव्हां ती अन्न वाढीत नसते, प्रीति वाढीत असते. शिवाय, जें पांढरें, गोड व तुपकट तें वाड्यांतल्या लोकांचें. जें काळें, भरड व कोरडें तें आपलें, असें आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें गेलें. म्हणून हातांत चार पैसे येतांच प्रथम भाकर गेली व मैदा आला. तांदूळ अधिक पांढरा झाला. लेकरास शेंगांऐवजीं बिस्किटाचा पुडा व रंगीत शीतपेय मिळूं लागलें.

परंतु मानाचें अन्न तेंच हिताचें अन्न, असा नियम देवानें केलेला नाहीं. सुमारें १३० वर्षांपूर्वीं जावा बेटांत ख्रिस्तियान आइकमान नांवाचा एक डच वैद्य बेरीबेरी ह्या रोगाचें मूळ शोधीत होता. त्यास असें आढळलें कीं, ज्या कोंबड्यांस गिरणींतला स्वच्छ पांढरा तांदूळ घातला त्यांचे पाय लुळे पडले, आणि कोंडा असलेला तांदूळ मिळतांच त्या बऱ्या झाल्या. जो कोंडा मनुष्यानें हलका म्हणून टाकून दिला त्यांतच आरोग्य होतें. ह्या शोधाबद्दल त्यास सन १९२९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. तोच न्याय आमच्या भरड धान्यांस लागू आहे. हाडांस बळ देणारें कॅल्शियम १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें, तर तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें १० मिलिग्रॅमसुद्धां भरत नाहीं. ज्वारींत चोथा तांदळाच्या तिप्पट आहे, आणि चोथ्यामुळें अन्नांतली साखर रक्तांत सावकाश उतरते. सन २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं ह्याच भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. बांधणाऱ्यांनीं नाकारलेला धोंडा कोपऱ्यास लागला, असें म्हणावयास हरकत नाहीं. प्रभूनें ज्या पांच भाकरींनीं पांच हजारांस जेवूं घातलें त्या जवाच्या होत्या, म्हणजे त्या देशांतल्या गरिबांच्या भाकरी होत्या. आणि उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून ते गोळा करावयास त्यानेंच सांगितलें. गरिबाच्या भाकरीस प्रभूच्या हातीं जो मान मिळाला, तो आम्हीं तिला आमच्या घरांत कां देऊं नये?

रेशनच्या दुकानांतून सन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें मुख्यतः गहूं व तांदूळ मिळतात, हें खरें, आणि त्याबद्दल आभारच मानावे. पण ज्याच्या शेतांत ज्वारी, बाजरी किंवा नाचणी पिकते, त्यानें ती सगळी विकून मैदा घरीं आणूं नये. तथापि एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भाकर गुणाची म्हणून पांच भाकरी व त्यांबरोबर नुसतें तिखट, असें जेवण मधुमेह्यास औषध होणार नाहीं. भाकर एक कमी करावी, आणि पालेभाजी, वरण, उसळ, ताक, जमेल तेव्हां अंडें किंवा मासळी ह्यांस ताटांत जागा द्यावी. तांदुळजा, घोळ, पाथरी, शेवग्याचा पाला, अंबाडी, हरभऱ्याची भाजी ह्यांस फार पैसा लागत नाहीं. पुष्कळदां वांकून खुडण्याचेच श्रम लागतात.

आतां चहाचा हिशेब करूं. एका कपांत दोन चमचे साखर, म्हणजे सुमारें १० ग्रॅम. दिवसास पांच कप धरले तर ५० ग्रॅम. महिन्यास दीड किलो. वर्षास १८ किलो. ही एका माणसाची केवळ चहांतली साखर झाली. लाडू, बिस्कीट व शीतपेय ह्यांची वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१५ मध्यें घालून दिलेली मर्यादा प्रौढ माणसास सगळी मिळून दिवसाची सुमारें ५० ग्रॅम आहे, आणि २५ ग्रॅमच्या आंत राहणें अधिक हिताचें, असें तिचें म्हणणें आहे. कोणी म्हणतील, आम्हीं साखर सोडून गूळ धरला आहे. पण रक्तांत उतरल्यावर गूळ व साखर ह्यांत फारसा भेद राहत नाहीं. मधाचेंहि तसेंच आहे, आणि शलमोनानें मधाविषयींच तर इशारा दिला! मिठाचें माप याहून लहान आहे : दिवसभरांत सगळ्या जेवणांत मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचें, पापड, फरसाण व खारी सुकट ह्यांतलें मीठहि त्यांतच मोजावयाचें.

तिसरी गोष्ट : हें शरीर आपलें नव्हे.

त्याच करिंथकरांस पौलानें लिहिलें कीं तुमचें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, आणि तें मोल देऊन विकत घेतलेलें असल्यामुळें तुम्ही स्वतःचे मालक नाहीं. आमच्या प्रार्थनामंदिराचें छप्पर गळूं लागलें तर मंडळी वर्गणी काढिते. मग ज्या मंदिरांत आत्मा निरंतर राहतो त्याचें छप्पर गळतांना आम्हीं स्वस्थ कसे बसतों? शेतकरी आपल्या बैलास कोवळा ओला चारा किती घालावा हें नीट ओळखतो. अति झाला तर बैलाचें पोट फुगेल म्हणून तो दावें आंखूड बांधतो. बैलाविषयीं जो एवढा शहाणा, त्यानें स्वतःस मात्र मोकळें सोडावें काय?

मधुमेहाचा दगा असा आहे कीं तो दुखत नाहीं. रक्तांत साखर वाढलेली राहिली म्हणजे वर्षानुवर्षें ती डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या शिरा हळूहळू पोखरते. पाय बधिर होतो. शेतांत कांटा बोंचला तरी कळत नाहीं. जखम चिघळते, आणि शेवटीं पाय वाचविणें कठीण होतें. म्हणून तीस वर्षें ओलांडलेल्या प्रत्येकानें, विशेषतः ज्याच्या आईबापांस हा रोग आहे त्यानें, प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन रक्त व रक्तदाब तपासून घ्यावा. मधुमेह्यानें अनवाणी फिरूं नये आणि रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत आपले तळपाय पाहावे. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूच्या सेवकास पायांची काळजी घेणें हें हलकें काम वाटूं नये.

येथें दोन चुकीच्या वाटा आहेत, त्यांपासून सावध राहावें. पहिली ही कीं आजाऱ्यास दोष देणें. जन्मांधास पाहून शिष्यांनीं विचारलें कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही उत्तरें नाकारलीं. मधुमेह पुष्कळदां कुळांतून येतो. जो मोजूनमापून जेवतो त्यासहि तो गांठतो. तेव्हां आजारी भावाच्या ताटाकडे बोट दाखवून त्याचा न्याय करूं नका. दुसरी चूक ही कीं, मी प्रार्थना करितों किंवा मी साखर सोडली, आतां मला गोळ्या नकोत, असें म्हणणें. हिज्कीया राजानें अश्रु ढाळून प्रार्थना केली आणि देवानें ती ऐकिली. तरी यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविला. प्रार्थना व लेप ह्यांचें वैर नाहीं. डॉक्टरांनीं दिलेलें औषध त्यांस विचारल्यावांचून बंद करणें ह्यास विश्वास म्हणत नाहींत.

चवथी गोष्ट : पंगत प्रभूची आहे.

करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनास जमे तेव्हां एकजण भरपूर खाऊन तर्र होई आणि दुसरा उपाशी राही. पौल त्यांस स्पष्ट सांगतो कीं हें प्रभूचें भोजनच नव्हे. त्यानें दिलेला उपाय अगदीं साधा होता : एकमेकांची वाट पाहा. बंधूंनो, ही आज्ञा आपल्या स्वयंपाकघरांत नेऊन पाहा. पुरुष जेवतात, मग मुलें जेवतात, आणि जिनें पहांटे उठून भाकरी थापल्या ती शेवटीं बसते. तेव्हां भाजीचें भांडें खरवडलेलें असतें. वरणाचें पाणी उरलेलें असतें. ती भाकर मिठामिरचीशीं खाते आणि वर म्हणते, माझें झालें. शंभरांतल्या त्या सत्तावन्न स्त्रिया कोठें राहतात असें तुम्ही विचाराल, तर त्या आपल्याच चुलीपुढें बसलेल्या आहेत. सरकारी दवाखान्यांत लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या अवश्य घ्याव्या. परंतु जेथें आईसाठीं भाजी उरत नाहीं तेथें नुसत्या गोळीनें काम भागणार नाहीं. ज्या घरांत सर्वजण एकदम बसून, एकदां आभार मानून, एकाच भांड्यांतलें वांटून खातात, त्या घरांत सुवार्ता जेवणाच्या वेळींहि सांगितली जाते. प्रीति असेल तेथलें पालेभाजीचें जेवण बरें, असें नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायाचें सार आहे. आणि प्रीति असेल तेथें ती पालेभाजी सर्वांच्या ताटांत सारखी पडेल.

आतां आग्रहाविषयीं. पाहुण्यास आग्रह करणें ही आपल्या देशाची शोभा आहे. पण ज्याचा रोग आपणांस ठाऊक आहे त्याच्या पानांत, माझी शपथ आहे, म्हणून जिलबी टाकणें ह्यास आदरातिथ्य कसें म्हणावें? आपल्या अन्नानें भावास अडखळण होत असेल तर आपण तें सोडावें, एवढ्या टोकापर्यंत पौल गेला. तेव्हां लग्नाच्या, बारशाच्या, हंगामाच्या उपासनेच्या पंगतींत गोड एकच असावें, तें मनापासून चांगलें केलेलें असावें, आणि ज्यानें हात आडवा धरला त्याच्या हातास मान द्यावा.

उपदेशक बंधूंची अडचण याहून नाजूक आहे. दिवसांत सहा घरीं भेटी द्यावयाच्या आणि सहा ठिकाणीं गोड चहा पुढें यावयाचा. नको म्हटलें तर घरच्या माणसाचें तोंड उतरतें. आणि तें कां उतरतें हें आम्हीं जाणतों. आमच्यांतल्या पुष्कळांच्या आजोबांच्या हातचें पाणीसुद्धां कोणी घेत नसे. म्हणून आमच्या घरीं कोणी कपबशी परत सारली कीं तो जुना घाव पुन्हां भळभळतो; साखरेचें कारण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मग उपदेशकानें आपलें शरीर झिजवावें कीं गरिबाचें मन दुखवावें?

याकोबाच्या विहिरीवर प्रभूनें काय केलें तें पाहा. यहूदी लोक शोमरोन्यांशीं भांड्याचा व्यवहार ठेवीत नसत. त्या बाईनें कांहीं पुढें करण्याची वाट न पाहतां प्रभूनें स्वतःच तिच्याजवळ पाणी मागितलें. ज्या जिव्हाळ्याची अपेक्षाहि तिनें केली नव्हती तो तिला त्या एका मागण्यांत मिळाला. उपदेशकानेंहि तेंच करावें. घरांत पाऊल टाकतांच, चहा पुढें येण्यापूर्वीं, आपण होऊन म्हणावें, ‘आई, तुमच्या माठांतलें तांब्याभर पाणी द्या.’ तें त्यांच्या देखत पोटभर प्यावें. मग मोकळेपणानें सांगावें कीं, ‘मला साखरेचा त्रास आहे, बिनसाखरेचा अर्धा कप द्याल तर आनंदानें घेईन, नाहीं तर चार शेंगा द्या, भाकरीचा तुकडा द्या.’ जो मागून घेतो त्यानें नाकारलें असें कोणास वाटत नाहीं. असें केल्यानें मानहि राहील, शरीरहि राहील, आणि पुष्कळ घरांत साखरेची गोष्ट बोलावयास तोंड फुटेल.

तर मग आचरण कसें करावें? एका दिवसांत सर्व पालटूं नये. जें एका दिवसांत पालटतें तें दुसऱ्या दिवशीं परत येतें. चहांतली साखर ह्या महिन्यांत अर्धा चमचा कमी करावी, पुढच्या महिन्यांत आणखी अर्धा. जीभ हळूहळू शिकते आणि मग जुना चहाच तिला अति गोड लागूं लागतो. मुलास रोज खाऊ द्यावयाचा तर शेंगा, फुटाणे, केळें, पेरू, हरभरे द्यावे. पुडींतलें खारें व बाटलींतलें गोड सणावारापुरतें ठेवावें. नाताळचा फराळ एकाच घरांत महिनाभर डब्यांत राहूं नये; नहेम्याच्या सांगण्याप्रमाणें ज्याच्या घरीं कांहीं नाहीं तेथें त्याचे वांटे जावे. असें केलें तर देणाऱ्याचें शरीर वांचेल आणि घेणाऱ्याचा सण गोड होईल. महिलामंडळानें वर्षांतून एकदां भाकरी व रानभाज्या ह्यांचें सहभोजन करावें, आणि त्यांत पाळकांनीं, पंचांनीं व शिकलेल्या तरुणांनीं तीच भाकर मानानें खावी.

आणि सर्वांत सोपी गोष्ट शेवटीं सांगतों, कारण बाकीच्या सर्व तिच्यांतून निघतात. ताट पुढें आल्यावर आपण डोळे मिटून आभार मानतों. पुष्कळदां ती प्रार्थना ओठांवरून घसरून जाते. ती सावकाश करा. डोळे उघडल्यावर ताटाकडे पाहा आणि स्वतःस विचारा : हें सर्व मी देवाच्या हातून घेतलें असें म्हणूं शकतों काय? जें तिसऱ्यांदा वाढून घेत आहें त्याबद्दलहि मला आभार मानतां येतील काय? ज्या हातांनीं हें रांधलें त्यांच्या वांट्यास ह्यांतलें काय उरलें आहे? पौलानें तीमथ्यास लिहिलें कीं देवानें उत्पन्न केलेलें सर्व चांगलें आहे आणि तें आभार मानून घ्यावें. ज्याबद्दल मनापासून आभार मानतां येतात तें खुशाल खा, चवीनें खा, हसतमुखानें खा; मग ती करंजी असो कीं कोरडी भाकर असो. ज्याबद्दल आभार मानतांना जीभ अडखळते, तेथें हात आवरा. अशा रीतीनें जो जेवतो त्यास वेगळी बंधनें घालावीं लागत नाहींत, कारण आभारच त्याचें माप होतात.

देवाचें राज्य खाण्यापिण्यांत नाहीं; तें नीतिमत्त्व, शांति व आनंद ह्यांत आहे. परंतु ह्या तिहींची पारख पुष्कळदां जेवणाच्या वेळींच होते : वांटून खाण्यांत नीतिमत्त्व दिसतें, पुरे म्हणण्यांत शांति दिसते, आणि साध्या घांसाची गोडी कळण्यांत आनंद दिसतो. ज्यानें आपणांस जीभ दिली, भूक दिली आणि ज्वारीच्या कणसांत दाणा भरला, तो बाप आपल्या सर्वांच्या घरांतली भाकर आशीर्वादित करो. आजाऱ्यांस धीर देवो, रांधणाऱ्या हातांस त्यांचा वांटा देवो, आणि कोणाचेंहि पान रिकामें व कोणाचेंहि ओसंडलेलें राहूं न देवो. आमेन.